दुसरी गाडी म्हणून जुनी मोटारसायकल: पारख, खरेदी आणि ट्यूनिंग

रोजची गाडी धड आहे, बटण दाबलं की चालू होते, आणि तरीही किकची एखादी जुनी गाडी मनात घर करून बसली आहे, अशांसाठी हा लेख. जुनी गाडी एकुलती एक असणं वेगळं आणि दुसरी असणं वेगळं. एकुलती असेल तर ती रोज धावते आणि तिच्या खोडी रोजच्या रोज कळतात. दुसरी असेल तर घाई नसते. एका वायसरसाठी ती दोन महिने उघडी पडून राहिली तरी कुणाचं काही अडत नाही. सोय आहे खरी, पण धोकाही तिथेच आहे. जुन्या गाडीचं धावून जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त उभं राहून होतं. पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) राळ साचते, टाकीला आतून गंज चढतो, ऑइल सील कडक होतात, पॉइंटवर (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या जोडीवर) पांढुरका थर येतो, टायरला तडे जातात. घेताना तुम्ही जे पाहणार आहात ते बहुतेक उभं राहिल्याचे घाव असतात, आणि पहिल्या महिन्यात भराल तेही तेच.

एक गोष्ट आधीच सांगतो. काटेकोर बोलायचं तर व्हिंटेज म्हणजे १९३१ च्या आधीच्या गाड्या. इंग्रजी क्लबांची जुनी व्याख्या तशी आहे. इथे मी हा शब्द आपण सगळे वापरतो तसाच, सैल अर्थाने वापरतो आहे: पॉइंट, कार्ब्युरेटर आणि किक असलेली कुठलीही गाडी.

कोणती घ्यावी

पहिलीच जुनी गाडी असेल तर एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर. १९६९ ची होंडा सीबी ७५० दिसायला राजेशाही आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि सेल्फ स्टार्ट घेऊनच ती आली होती. पण तिला चार कार्ब्युरेटर आहेत आणि ते चारही एकमेकांशी जुळवावे लागतात. यामाहा आरडी ३५० ला दोन. जावा २५० किंवा बुलेट ३५० मध्ये सगळंच एक-एक आहे, आणि बुलेटचं ७० गुणिले ९० मिलिमीटरचं इंजिन इतकी दशकं बनत राहिलं की भाग शोधत वणवण करावी लागत नाही. जीव कुठल्या मॉडेलवर जडला आहे ते बाजूला ठेवून आधी एवढं बघा: तिचा पिस्टन, क्लच प्लेट, केबल आणि इंजिनचा गॅस्केट सेट आज मिळतो का? या चार गोष्टी मिळत असतील तर बाकीचं निभतं.

दुर्मीळ गाडीपेक्षा पूर्ण गाडी घ्या. मूळ टूलबॉक्सचं झाकण, हेडलाइटची रिंग, साइड पॅनेल, मीटर या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूच शोधायला सगळ्यात कठीण असतात. इंजिन पुन्हा बांधता येतं. ‘थोडंच काम बाकी आहे, सामान सगळं पोत्यात आहे’ असं ऐकलंत तर पोतं जरूर बघा, पण त्यात सगळं आहे यावर विसंबू नका.

आणखी एक सल्ला, जो सहसा आवडत नाही: नवा चकचकीत रंग दिलेल्या गाडीपेक्षा मळकी, मूळ रंगाची गाडी बरी. मळाखाली काय आहे ते दिसतं. नव्या रंगाखाली लांबी (पुट्टी) किती आणि पत्रा किती हे चुंबक लावल्याशिवाय कळत नाही.

बघायला जाताना

सोबत न्यायचं: टॉर्च, छोटं चुंबक, प्लगचा पाना, फडकं, आणि जमलं तर कम्प्रेशन गेज. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे इंजिनच्या पात्यांना हात लावणं. मी एकदा भल्या सकाळी गेलो होतो, पाती चांगली कोमट होती. विचारलं तर उत्तर आलं, ‘ऊन पडलंय ना.’ गाडी सावलीत उभी होती. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं: ढिल्या रिंगा, गळकी फ्लोट सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी), थंड असताना येणारा खडखडाट. मी तासभर गप्पा मारत थांबलो, मग किक मारायला सांगितली. बावीस किका झाल्या. भाव आपसूक खाली आला.

चालू करण्याआधी गाडी नुसती ढकलून बघा. मागे पाच पावलं उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहा. मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर हँडल हलकंसं ‘बसल्यासारखं’ वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) खड्ड्यात गेला आहे. चिमट्याची (पुढच्या फोर्कची) खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा, मागचं चाक आडवं हलवा. खेळ आला तर बुश संपले आहेत. स्पोकवर पाना हलकेच मारत जा. घट्ट स्पोक टिणकन वाजतो, सैल स्पोक थप्प करतो.

टाकीत टॉर्च मारा. हलका तपकिरी थर चालतो, पापुद्रे नाहीत. टाकीच्या पोटाखालून बोट फिरवा. तिथे रंगाखाली फुगवटे असतील तर गंज आतून बाहेर येतो आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असलेला छोटा लंबगोल शोधा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे आणि चर्चा तिथेच संपली.

इंजिन जाम असेल तर विकणारा म्हणेल, ‘थोडं डिझेल टाकलं की सुटेल.’ कधी सुटतंही. पण भाव करताना ते इंजिन पूर्ण उघडावं लागणार आहे असंच धरा. किकवर उडी मारून ते सोडवायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका; किकचे दात आणि शाफ्ट तिथेच जातात. सोडवायचंच तर प्लगच्या भोकातून तेल ओतून आठवडाभर मुरू द्यायचं, मग टॉप गियर टाकून मागचं चाक हाताने, हलक्या हाताने, मागे-पुढे करायचं.

इंजिन फिरत असेल तर कम्प्रेशन मोजा. प्लग काढायचा, गेज लावायचं, एक्सलरेटर पूर्ण उघडा धरायचा (हे लोक विसरतात आणि आकडा खोटाच कमी येतो) आणि पाच-सहा दमदार किका. बऱ्याच जुन्या सिंगल सिलिंडर गाड्यांना १०० पीएसआयच्या वर आकडा आला तर मी समाधानी असतो. मूळ आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात बघावा. फोर-स्ट्रोकला आकडा कमी आला तर चमचाभर इंजिन ऑइल आत टाकून पुन्हा मोजा. वाढला तर दोष रिंगा-बोअरचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत.

चालू झाल्यावर धूर बघा. टू-स्ट्रोक थंड असताना पांढरट धूर देणारच. पण गरम झाल्यावरही ढग सोडत असेल आणि गियरबॉक्सचं तेल कमी होत असेल, तर क्रँकचं क्लचकडचं सील गियरबॉक्समधलं तेल ओढतं आहे. फोर-स्ट्रोकमध्ये जोर देताना निळा धूर आला तर रिंगा, आणि एक्सलरेटर सोडून उतार उतरल्यावर पुन्हा पीळ देताना निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड. काळा धूर म्हणजे नुसतं जास्त पेट्रोल. त्याने घाबरू नका.

कागद मात्र गाडी आवडण्याआधी बघायचे, कारण आवडल्यावर माणूस नीट वाचत नाही. इंजिन नंबर आणि चासी नंबर फडक्याने पुसून, टॉर्च तिरपा धरून, एकेक अक्षर कागदाशी ताडून घ्या. आकडे वरखाली असतील, आसपास घासल्याच्या खुणा असतील किंवा नंबराच्या जागेवरच रंगाचा जाड थर असेल तर हात जोडून परत फिरा. कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस वेगळे असतील तर आधी मूळ मालकाची सही, मग पैसे.

खरेदीच्या रकमेइतकीच रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवा. ती उरली तर नशीब.

घरी आल्यावर: आधी थांबणं, मग धावणं

गाडी घरी आली की पहिला मोह किक मारायचा होतो. थांबा. आधी ब्रेक.

ड्रम उघडा. जुन्या ब्रेक शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून आतली धूळ फुंकू नका आणि हवाही मारू नका. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. लायनरला तेल लागलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन बरं होत नाही, नवे शू घाला. शू बसवून ब्रेक दाबला की ड्रमबाहेरची दांडी आणि तिला ओढणारी केबल किंवा रॉड यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास यायला हवा. काटकोनाच्या पलीकडे गेला की कितीही दाबलं तरी जोर वाया जातो. ब्रेक आणि क्लचच्या केबल सरळ नव्याच घाला. त्या तुटतात नेहमी लिव्हरच्या टोकाशी, निपलच्या आत, जिथे दिसत नाही.

दहा वर्षांपुढचे टायर, नक्षी कितीही खोल असो, बदला. सोबत ट्यूब आणि रिमवरची पट्टीही. चेनचा झोल साधारण २० ते ३० मिलिमीटर, आणि तो चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजायचा.

हत्यारांबद्दल एक इशारा. जपानी गाड्यांवरचे अधिक चिन्हासारखे खाचेचे स्क्रू साध्या फिलिप्सचे दिसतात, पण ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर दिला की उसळतो आणि खाच गोल करून टाकतो. जुन्या जपानी इंजिनांच्या साइड कव्हरवर छिन्नीचे घाव दिसतात ते यामुळेच. जुन्या ब्रिटिश गाड्यांना मिलिमीटरचे पाने धड बसत नाहीत. त्यांना व्हिटवर्थचा (जुन्या इंग्रजी मापाचा) संच लागतो. दोन्ही गोष्टी आधी घ्या. ब्रिटिश गाडी असेल तर बॅटरी जोडण्यापूर्वी अर्थ (चासीला जोडायची वायर) बॅटरीच्या कुठल्या टोकाला आहे तेही तपासा. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा अर्थ पॉझिटिव्ह असतो. सवयीने निगेटिव्ह जोडलात तर रेक्टिफायर गेला.

स्पार्क

ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांमधली फट), मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर पॉइंटचा दोष कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून झाकाल आणि दोन्ही बिघडतील. टू-स्ट्रोकवाल्यांना टॅपेट नाहीतच, त्यांनी पुढे जावं.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायचे, रात्रभर उभं राहिलेलं असेल तर उत्तम. पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकावर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुस्तकात दिलेल्या मापाची फीलर गेजची पट्टी किंचित अडकत सरकायला हवी. जुन्या बुलेटला गेज लागतच नाही: पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, तो सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. शंका आली तर केसभर सैल ठेवा. सैल टॅपेट टकटक करतो एवढंच. घट्ट राहिला तर एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो, आणि तो आवाज न करता जळतो.

आता पॉइंट. कव्हर काढा आणि इंजिन फिरवत कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडतील. बऱ्याच गाड्यांना फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. तोंडं काळवंडलेली असतील तर बारीक कानस फिरवा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण तोंडात रुतून बसतात. मग पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी तोंडांमध्ये धरून ओढून घ्या, आणि ती काळी यायची थांबेपर्यंत ओढत राहा. नवे पॉइंट डब्यातून काढल्यावरही हे करावं लागतं, त्यांच्यावर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो. कॅमवर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका द्या. कोरड्या कॅमवर टाच झिजते, फट मिटत जाते आणि टायमिंगही सरकतं.

फट बदलली की टायमिंग बदलतं, म्हणून टायमिंग नंतर. बॅटरी-कॉइलच्या गाडीला साधा बल्ब पुरतो: एक वायर पॉइंटच्या हलत्या टोकाला, दुसरी अर्थला, चावी चालू. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला राहील आणि ज्या क्षणी ते उघडतील त्या क्षणी पेटेल. इंजिन ज्या दिशेने धावतं त्याच दिशेने फिरवत आणा. टायमिंगच्या खुणेवर बल्ब पेटायला हवा. खूण ओलांडून गेलात तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गियरमधला खेळ मापात मिसळतो. मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या) गाडीला पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ताण द्यायचा. कागद सुटला तो क्षण आपला. बऱ्याच टू-स्ट्रोकना माप पिस्टन वरच्या टोकाच्या किती मिलिमीटर अलीकडे आहे असं दिलेलं असतं. तिथे डायल गेज घ्या, अंदाज चालवू नका. टायमिंग फार पुढे गेलं की टू-स्ट्रोकच्या पिस्टनला चक्क भोक पडतं.

इंजिन चालू असताना पॉइंटवर फटाफट निळ्या ठिणग्या दिसल्या तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) गेला. गाडी थंड असताना उत्तम चालते, गरम झाली की मरते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, हे कंडेन्सरचं किंवा कॉइलचं लक्षण. प्लग नवा टाका, फट साधारण ०.६ मिलिमीटर. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड प्रकृतीचा. इतर काही कंपन्यांचं गणित उलटं असतं, म्हणून दुकानदाराने ‘हा चालेल’ म्हटलं तरी बदली तक्ता बघा.

पेट्रोल

टाकीपासून सुरुवात करा. गंज असेल तर सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी भरून रात्रभर ठेवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, पूर्ण वाळवा आणि लगेच थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल आतून फिरवा. वाळवून तशीच ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस दिसेल. आतून लेप देण्याच्या मी विरोधात आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने काही लेप सुटतात आणि मग त्यांचे पापुद्रे टाकीखालच्या पेट्रोल कॉकमध्ये येतात. पेट्रोलची नळीही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीच घ्या.

कार्ब्युरेटर काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत पिळा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मगच बाहेर काढा. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. भोक सापडत नसेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडा जागा दाखवेल. फ्लोट सुईच्या टोकावर गोल कडं उमटलं असेल तर ती बदला, गाडी उभ्या उभ्या ओव्हरफ्लो होते ती त्या कड्यामुळे. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं. त्यात तार घालून ते मोठं करू नका. क्लीनरमध्ये भिजत ठेवा, हवा मारा, आणि उजेडाकडे धरून बघा: भोक गोल, स्वच्छ, चमकतं दिसलं पाहिजे. उभ्या राहिलेल्या गाडीची निम्मी दुखणी या एका भोकात असतात.

बसवताना कार्ब्युरेटरचा फ्लँज (इंजिनला जोडायची सपाट कड) काचेवर ठेवून बघा. वर्षानुवर्षं नट आवळून तो धनुष्यासारखा वाकलेला असतो आणि तिथून हवा खेचली जाते. मग कितीही ट्यून करा, गाडी आयडलला टिकत नाही.

कुठला भाग कधी काम करतो हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई संपली. एक्सलरेटर बंद ते एक अष्टमांश: पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव: स्लाइडचा (एक्सलरेटरने वर-खाली होणाऱ्या पडद्याचा) काप. पाव ते पाऊण: नीडल, आणि तिची क्लिप कितव्या खाचेत आहे ते. त्यापुढे मेन जेट. एक्सलरेटरच्या मुठीवर आणि शेजारी टेपच्या पट्ट्या लावून हे टप्पे आखून घ्या, म्हणजे ‘गाडी मध्येच मिसिंग करते’ यातलं ‘मध्येच’ नेमकं कुठे ते कळेल. आयडल नेहमी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर लावा. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर उलट, गडद होतं.

टू-स्ट्रोकमध्ये तेल मोजूनच टाका: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, ४० ला १ म्हणजे २५, २० ला १ म्हणजे ५०. आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळायची गाडी लांब उतारावर एक्सलरेटर बंद करून सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि पिस्टन धरतो.

एका वेळी एकच

माझी पहिली जुनी गाडी चार-पाच किलोमीटर गेली की घुसमटून बंद पडायची आणि दहा मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची. एका दुपारी वैतागून मी प्लग, कंडेन्सर आणि मेन जेट तिन्ही बदलले. संध्याकाळी गाडी झकास चालली. तीन आठवड्यांनी तेच पुन्हा, आणि तिघांपैकी कुणाचा काय संबंध होता हे कळायला काही मार्गच उरला नव्हता. शेवटी एकदा बंद पडली तेव्हा पेट्रोल बघायला म्हणून टोपण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली. रंगाऱ्याने टोपणाचं हवेचं भोक रंगाने बुजवलं होतं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. त्या दुपारी ती झकास का चालली? टाकी भरताना मी टोपण अर्धवटच लावलं होतं. तेव्हापासून वही ठेवतो: तारीख, किलोमीटर, एकच बदल, परिणाम.

पहिल्या चकरा

पहिली चक्कर पाच किलोमीटर, तीही मोकळ्या रस्त्यावर. परत आल्यावर प्रत्येक नट बघा, ड्रमला हात लावून तो तापतो आहे का ते तपासा, तेलाचे थेंब कुठे पडतात ते बघायला खाली पुठ्ठा ठेवा. मग दहा, मग पंचवीस. दर वेळी प्लग काढून पाहा: विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरा फटक असेल तर पुढे जाऊ नका.

ड्राय संप ब्रिटिश गाडी (जिचं इंजिन ऑइल वेगळ्या टाकीत असतं) उभी राहिली की त्या टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून भर घालू नका. आधी क्रँककेस रिकामं करा किंवा चालू करून तेल परत येतं का ते बघा, पातळी मगच मोजा. ओला क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरत असेल तर जासो एमए लिहिलेलं मोटारसायकलचं तेल घ्या. मोटारीच्या काही तेलांनी क्लच घसरतो.

आणि दोन गाड्या चालवण्याचा खरा धोका पायात असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने गियर डाव्या पायाला असण्याची सक्ती केली, तोवर ब्रिटिश गाड्यांचा गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असे. जावाला तर किक आणि गियरची दांडी एकच. रोजच्या गाडीवरून उतरून थेट जुनीवर बसलात, समोर कुणी आडवं आलं, तर उजवा पाय ब्रेक समजून गियर दाबेल. निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच दहा वेळा गियर-ब्रेक, गियर-ब्रेक करा. लोक हसतील, हसू द्या.

उभी ठेवताना

पंधरा दिवसांतून एकदा निदान अर्धा तास चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे न चालवण्याहून वाईट: इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये, तेलात पाणी धरतं. महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्या, बॅटरी काढून आत न्या, आणि किक हळूच दाबून पिस्टन कम्प्रेशनवर आणून सोडा, म्हणजे फोर-स्ट्रोकचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. कॉक बंद आहे अशी चिठ्ठी मात्र हँडलला बांधा. मी तीन वेळा विसरलो आहे, आणि तिन्ही वेळा आधी प्लग काढून बघितला.